पिकअप विकताना तिच्यातले बदलही लिहून द्या

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, कोकणातल्या आंब्याच्या पेट्या, डेअरीचे कॅन, मांडववाल्याचे खांब, खताच्या गोण्या, शाळेची बाके. गावाकडचा निम्माअधिक व्यवहार आज पिकअपच्या हौद्यातून फिरतो. टाटांची टाटामोबाइल १९८८ मध्ये आली, २००५ मध्ये आलेल्या ‘एस’ला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून आपलेसे केले, आणि महिंद्राची बोलेरो पिकअप तर कोणत्याही बाजार समितीच्या आवारात उभी दिसते. ही गाडी पहिल्या मालकाकडे कर्जावर येते. हप्ते फिटले की तो नवी घेतो आणि जुनी दुसऱ्याकडे, पुढे तिसऱ्याकडे जाते. भाजीचा धंदा नुकता सुरू करणारा तरुण, दोन एकरांचा शेतकरी, भाड्याने गाडी चालवून कंटाळलेला आणि आता स्वतःची घेऊ पाहणारा चालक, हे जुन्या पिकअपचे खरे गिऱ्हाईक. कंपनीने बनवलेली गाडी यांच्या हाती कधीच पडत नाही. आधीच्या दोन-तीन मालकांनी आपापल्या गरजेप्रमाणे बदललेली गाडी पडते, आणि नेमके काय बदलले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

माझे म्हणणे या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे. गाडीत बदल केले जातात यात मला मोठा गुन्हा दिसत नाही. ते बदल न सांगता, न लिहिता गाडी पुढच्याच्या गळ्यात घातली जाते, हा खरा दोष आहे. मालकी हस्तांतराच्या कागदांत इंजिन क्रमांक असतो, चॅसिस क्रमांक असतो, कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची संमती असते. या गाडीत मूळ रचनेपेक्षा काय वेगळे आहे, हे सांगणारी एक ओळसुद्धा नसते. ती ओळ, खरे तर ते एक पान, सक्तीचे व्हायला हवे.

हे पान कशासाठी हवे, ते सगळ्यात सर्रास होणाऱ्या बदलावरून स्पष्ट होईल. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये अडीच टन माल घालायचा असतो, म्हणून मागच्या स्प्रिंगला जादा पाटे टाकले जातात. पाटे टाकल्यावर गाडी मागून बसत नाही, आणि मालकाला वाटते की गाडीची ताकद वाढली. प्रत्यक्षात वाढलेली असते ती फक्त पाट्यांची ताकद. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, चॅसिस तीच आणि ब्रेक तेच. त्यातही ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो, गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो एका दांडीने चॅसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये जोडलेला असतो. माल भरला की हौदा खाली दबतो, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की हौदा वर असतो, म्हणून मागचा ब्रेक कमी मिळतो आणि हलकी चाके जाम होत नाहीत. हा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, उंची मोजतो. जादा पाट्यांमुळे माल भरूनही हौदा दबला नाही, तर व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच राहते. म्हणजे ज्या गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल आहे, तिलाच मागून सर्वांत कमी ब्रेक मिळतो. सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि घाट उतरताना पुढचे ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. ‘ब्रेक कमी लागतो’ अशी तक्रार आली की काही ठिकाणी ती दांडी तारेने वर बांधून टाकतात. मग उलटे होते. रिकामी गाडी पावसात जोरात थांबवली की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. पहिल्या मालकाने पाटे टाकले, दुसऱ्याच्या मेस्त्रीने दांडी बांधली. तिसऱ्याला यातले काहीच ठाऊक नाही, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात आहे.

वायरिंगचेही असेच. मूळ हेडलाइटचा बल्ब साधारण साठ वॅटचा असतो आणि बारा व्होल्टवर पाच ॲम्पियर प्रवाह घेतो. त्याजागी शंभर वॅटचा बसवला की प्रवाह आठ ॲम्पियरच्या पुढे जातो. असे दोन बल्ब, वर टपावर जादा दिवे, मोठा हॉर्न, गाण्यांचा ॲम्प्लिफायर, आणि या सगळ्याला रिले न लावता मूळ वायर सोलून टेप गुंडाळून दिलेले जोड. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार. फ्यूज उडत होता तो गाडी वाचवण्यासाठी. तार घातल्यावर उडण्याचे काम वायरच्या आवरणावर येते, आणि ते आवरण डॅशबोर्डच्या मागे जळते. मोठ्या आकाराचे टायर टाकले असतील तर मीटर खोटे बोलू लागते. टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला की काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असते, आणि किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी पडते. हौद्याचे फाळके उंच करण्यासाठी किंवा क्रेनचा हुक बसवण्यासाठी चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग केले असेल, तर जिथे सर्वाधिक ताण येतो तिथलेच पोलाद उष्णतेने कमजोर झालेले असते. तडा रंगाखाली असतो. विक्रीपूर्वी गाडीला रंग मारण्याची पद्धत आपल्याकडे किती रूढ आहे, हे सांगायला नको.

नोंद नसण्याची किंमत फक्त अपघातात मोजावी लागते असे नाही. ती रोजच्या देखभालीतही मोजावी लागते. गॅरेजमधला माणूस कंपनीच्या रचनेप्रमाणे विचार करतो: या रंगाची वायर इथून येते, या चॅसिस क्रमांकाच्या गाडीला हा क्लच बसतो. आधीच्या मालकाने दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स टाकला असेल, डिफरन्शियलचे दात बदलले असतील, अल्टरनेटर मोठा बसवला असेल, तर क्रमांकावरून मागवलेला भाग बसत नाही. गाडी दोन दिवस उभी राहते, आणि भाड्यावर पोट असलेल्या माणसाचे ते दोन दिवस परत येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, माहिती नसलेला नवा मालक चांगले बदल काढून टाकतो आणि वाईट ठेवतो. एखाद्या जाणत्या वायरमनने हेडलाइटसाठी वेगळा रिले आणि जाड वायर टाकली असेल, तर ती ‘जादाची वायर’ म्हणून कापली जाते. पाटे मात्र ‘मजबूत गाडी’ची खूण म्हणून अभिमानाने राखले जातात. जुन्या पिकअपची देखभाल म्हणजे बऱ्याच अंशी आधीच्या माणसांनी काय विचार केला होता ते शोधणे. ते त्यांनी लिहून ठेवले असते तर शोधावे लागले नसते.

बदल सरसकट वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या फिटर-वेल्डरांनी या गाड्यांवर जे काम केले आहे, त्यातले बरेचसे आदर वाटावा असे आहे. हौद्याला आतून पत्रा मारला की मूळ तळ सडत नाही. ताडपत्रीसाठी नटबोल्टने बसवलेल्या, काढता येणाऱ्या कमानी, हत्यारांची पेटी, मासळीच्या गाडीत खारे पाणी चॅसिसवर न सांडता बाहेर नेणारी नळी, पाण्याची टाकी हलू नये म्हणून केलेली चौकट, मागून स्पष्ट दिसावे म्हणून लावलेले जास्तीचे रेडियम. कंपनी एकच गाडी देशभर विकते. देवगडच्या उतारावर आणि जतच्या फुफाट्यात तिला काय लागेल, हे तिथल्या माणसालाच कळते. गाडी दहा-बारा वर्षे कमावती राहते, त्यात या हातांचा मोठा वाटा आहे. या कौशल्याचा मान ठेवायचा असेल तर ते उघड्यावर यायला हवे. आज चांगला फिटर आणि दांडी तारेने बांधणारा फिटर दोघेही सारखेच निनावी आहेत.

यावर कायद्याचा जाणकार म्हणेल की कायदा आहेच, नवे काय हवे? कायदा आहे खरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ सांगते की परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. कायदा कडक नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पण बदलांची ही शिक्षा बदल करणाऱ्यासाठी आहे, आणि पकडला जातो तो रस्त्यावर गाडीत बसलेला, बहुधा ते बदल न केलेला माणूस. कलम ५२ मध्येच चौदा दिवसांत बदल नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. ती पाळणारा मालक शोधावा लागेल. दहा किंवा अधिक वाहने असलेल्या मालकाला त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, असेही तिथेच लिहिले आहे. एका पिकअपच्या मालकाला अशी सोय नाही, आणि जुन्या गाड्यांचा बाजार चालतो तो मुख्यतः याच एका गाडीच्या मालकांवर.

दुसरे उत्तर पासिंगचे दिले जाते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा तपासणीत सगळे उघड होईल, असा हा युक्तिवाद आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी गॅरेजसमोर जरा उभे राहिले तर तो किती पोकळ आहे ते कळते. टपावरचे दिवे उतरतात, उंच फाळके सुटतात, मोठा हॉर्न निघतो, आणि शिक्का पडला की सगळे जागेवर येते. यंत्रावर होणारी स्वयंचलित तपासणी जसजशी वाढेल तसा ब्रेकमधला दोष अधिक सापडेल, आणि ती वाढायलाच हवी. पण यंत्र त्या दिवशीची गाडी बघते. आतला गिअरबॉक्स कोणाचा, वेल्डिंग कुठे झाले, दांडी कधी बांधली होती, हे ते सांगणार नाही. ते सांगू शकतो फक्त ज्याने केले तो.

आणि त्याने सांगावे अशी सक्ती आज जवळपास नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या करताना घोड्याचे उदाहरण दिलेले आहे: घोडा सदोष आहे हे माहीत असूनही विकणारा लिलावात गप्प बसला, तर ती फसवणूक ठरत नाही. खरेदीदार त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने धरले होते की अनोळखी गिऱ्हाइकाने दात बघून घ्यावेत. घोड्याचे दात कोणालाही उघडून बघता येत होते. रंगाखालचा तडा आणि डॅशबोर्डच्या मागची तार बघता येत नाही. त्याच कलमात आणखी एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या बाजारात कोणी वापरत नाही. खरेदीदार म्हणाला, ‘तू नाही म्हटले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते. विचारल्याने कायद्याची बाजू पालटते, ती इतकी.

म्हणून मागणी साधी आहे. मालकी बदलताना विकणारा हस्तांतराच्या फॉर्मवर सही करतो आणि नोंदणी रद्द किंवा निलंबित झालेली नाही असे आपल्या माहितीप्रमाणे लिहून देतो. त्याच फॉर्मला बदलांचे एक पान जोडावे. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल बदलले का. पाटे किती आहेत. ब्रेकच्या व्हॉल्व्हला हात लावला का. चॅसिसवर वेल्डिंग कुठे आहे. जादा विजेचे जोड कोणते. टायरचा आकार काय. ईजीआर किंवा धुरावरचे फिल्टर बंद केले आहेत का. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आणि टाकीची चाचणी झाली का. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ लिहिण्याची मोकळीक असावी, कारण दुसऱ्या मालकाला पहिल्याचे सगळे ठाऊक नसते. पण ‘माहीत नाही’ हेही खरेदीदारासाठी मोलाचे उत्तर आहे. हे पान वाहन पोर्टलवर गाडीच्या क्रमांकाशी जोडले गेले की तिसऱ्या मालकाला पहिल्याचे शब्द वाचता येतील. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत मान्यता देणारे आणि त्यांना हिशेब ठेवायला लावणारे केंद्राचे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. म्हणजे गाडी हातांतून जाताना कागदावर पारदर्शकता हवी हे सरकारने तत्त्वतः मानलेलेच आहे. त्यात गाडीच्या अंतरंगाची भर घालायची आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप असा: बेकायदा बदल लिहून देणे म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली. पाच हजारांचा दंड डोक्यावर घेऊन कोण लिहील? हे अगदी खरे आहे, आणि म्हणून हे पान दंडाशी जोडलेले असू नये. विक्रीच्या वेळी प्रामाणिकपणे सांगितलेल्या बदलाला विकणाऱ्यावर कारवाई नको. नव्या मालकाला ठराविक मुदत द्यावी. ब्रेक, स्टिअरिंग, भार आणि आग यांच्याशी संबंध असलेले बदल त्या मुदतीत मूळ स्थितीत आणले पाहिजेत, आणि निरुपद्रवी बदलांना साध्या अर्जावर परवानगी मिळाली पाहिजे. दंड ठेवायचा तो लपवल्याचा. यातून काही जुने गुन्हे माफ होतील, हे मी मान्य करतो. पण आजच्या व्यवस्थेत ते सापडतही नाहीत. न सापडणाऱ्या शंभर गुन्ह्यांपेक्षा काढून टाकलेले जादा पाटे रस्त्यावरच्या माणसाच्या अधिक उपयोगाचे आहेत.

आणखी एक कागद म्हणजे एजंटची आणखी एक फी, असेही कोणी म्हणेल. ती भीती निराधार नाही, म्हणून हे पान विकणाऱ्याने स्वतः, मराठीत, खुणा करून भरता येईल इतके सोपे हवे. त्यावर कोणा अधिकाऱ्याची सही लागू नये. तिसरा आक्षेप वरच्या वर्गातून येतो की या जुन्या गाड्या भंगारातच काढा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून थांबवले आहे, हे ठीक. सरकारकडे नवी घ्यायला पैसा आहे. छोट्या व्यावसायिकाला मात्र आठ-दहा लाखांची नवी पिकअप आणि तीन लाखांची जुनी यांतला फरक हाच धंदा सुरू होणे आणि न होणे यातला फरक असतो. नीट राखलेली दहा वर्षांची पिकअप रस्त्यावर राहण्यास पूर्ण लायक असते. प्रश्न तिच्या वयाचा नाही, तिच्या आत काय आहे हे कोणालाच माहीत नसण्याचा आहे. विम्याचा फटकाही इथेच बसतो. मालकी बदलल्यावर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. तो वेळेत केला तरी कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो किंवा कापला जातो. ज्याने बदल केला त्याचे काहीच जात नाही. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली त्याचे सगळे जाते.

परिवहन खात्याने हे पान आणेपर्यंत थांबण्याची गरज नाही. जुनी पिकअप घेणाऱ्याने सौदा ठरण्याआधी वरचे प्रश्न एका कागदावर लिहून विकणाऱ्याकडून उत्तरे आणि सही घ्यावी, आणि ‘जे सांगितले नाही ते मूळ आहे असे मी धरतो’ हे वाक्य त्यात घालावे. गाडी ताब्यात आल्यावर रंग आणि गाण्यांवर खर्च करण्याआधी ती खड्ड्यावर घेऊन पाटे मोजावेत, एलएसपीव्हीची दांडी मोकळी आहे का पाहावे, फ्यूज पेटी उघडावी, चॅसिसवरचा रंग वेल्डिंगच्या जागी खरवडून बघावा, आणि जे सापडेल ते तारखेसह वहीत उतरवावे. आणि जो गाडी विकतो आहे त्याने ही वही पुढच्या मालकाच्या हातात आरसी बुकाबरोबर द्यावी.